चेकलिस्टवर ‘ओके’ म्हणण्याआधी

‘ताई, नमस्कार. वय २९, मेकॅनिकल डिप्लोमा. चाकणजवळ हायड्रॉलिक पंप बनवणाऱ्या कंपनीत सहा वर्षं स्टोअर्सला होते. आमच्याकडे इम्पोर्ट-एक्स्पोर्ट बघणारे काका दिवाळीनंतर निवृत्त झाले आणि त्यांच्या फाइली माझ्या टेबलावर आल्या. ट्रेनिंग म्हणाल तर दोन दिवस पासवर्ड सांगितले आणि “बाकी सगळं सीएचए बघतो” असं म्हणून गेले. सीएचए म्हणजे कस्टम्सचे कागद भरून देणारा आमचा एजंट.

गेल्या महिन्यात बँकेचा मेल आला. अडीच वर्षांपूर्वी तैवानच्या सप्लायरला पाठवलेल्या १८ लाखांची बिल ऑफ एन्ट्री, म्हणजे आयात मालाचं कस्टम्सला भरून दिलेलं डिक्लरेशन, द्या म्हणे. शोधलं तर ते पैसे पंपाच्या हाउसिंगच्या (बाहेरच्या कवचाच्या) डायचे, म्हणजे साच्याचे निघाले. डाय तिकडेच आहे, आपल्याकडे आलीच नाही, मग बिल ऑफ एन्ट्री कुठून आणू? सीएचएला विचारलं, तो म्हणाला, ही रक्कम हाउसिंगच्या किमतीत धरायला हवी होती. आजवर १५,००० नग आलेत, सगळे नुसत्या इन्व्हॉइसच्या भावानं. साहेबांना सांगितलं तर म्हणाले, “झाकली मूठ सव्वा लाखाची. इतकी वर्षं कुणी विचारलं नाही, तू कशाला उकरतेस?”

शिवाय ईपीसीजीवर (निर्यातीच्या हमीवर शुल्कमाफीनं मशिन आणायच्या योजनेत) आणलेलं एक व्हीएमसी मशिन काकांच्या काळात भोसरीच्या शेडमधून चाकणला हलवलंय, त्याचे कागद नाहीत. सील किटला तीन वेगवेगळे एचएस कोड (ज्यावरून शुल्काचा दर ठरतो ते मालाचे क्रमांक) लागलेले दिसतात. डिक्लरेशनवर सही आता माझी असते. रात्री झोप लागत नाही. नोकरी सोडू का?’

तुमचं पत्र दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना हातात कॅल्क्युलेटर होता, कारण तुमच्या साहेबांची ती मूठ सव्वा लाखाची आहे की किती लाखांची, हे मला बघायचं होतं. आकड्यांकडे येते, पण त्याआधी एक गोष्ट. मी याच कामात २६ वर्षं काढली, पिंपरीत आणि नंतर रांजणगावला. तुमच्यासारखीच दुसऱ्या खात्यातून उचलून या टेबलावर बसवलेली. ‘बाकी सगळं सीएचए बघतो’ हे वाक्य मलाही वारशात मिळालं होतं. त्या वाक्यातच घोडं अडलंय.

सीएचए काय बघतो? तुम्ही दिलेले कागद. इन्व्हॉइस, पॅकिंग लिस्ट, बिल ऑफ लेडिंग, त्यावरून तो बिल ऑफ एन्ट्री तयार करतो. तुमच्या अकाउंट्समधून तैवानला डायचे १८ लाख गेले, हे त्याला कोण सांगणार? ते परचेसला माहीत, अकाउंट्सला माहीत, बँकेला माहीत. कस्टम्सच्या कागदात मात्र त्याचा मागमूस नाही, कारण हे तिघं एका टेबलावर कधी बसलेच नाहीत. बरं, २०११ पासून आपल्याकडे सेल्फ-असेसमेंट आहे. माल कुठला, कोड कुठला, किंमत किती, शुल्क किती, हे इम्पोर्टर स्वतः ठरवतो आणि सांगतो. एजंटनं आपल्या वतीनं जे केलं ते आपल्या संमतीनंच केलं असं कस्टम्स कायद्याचं कलम १४७ धरून चालतं, उलटं सिद्ध करायची जबाबदारी आपली. त्यामुळे ‘सीएचएची चूक’ हा बचाव चहाच्या टपरीवर चालतो, सुनावणीत चालत नाही.

आणि साहेबांचं ते ‘कुणी विचारलं नाही’. माल न्हावा शेव्याहून सुटला म्हणजे खात्यानं तपासून बरोबर म्हटलं, असा आपल्याकडे पुष्कळांचा समज असतो. तसं नसतं. कितीतरी बिलं संगणकाची जोखीम-यंत्रणा परस्पर सोडते, अधिकारी ती उघडतही नाही. जी उघडली जातात तीही २०२० च्या ऑक्टोबरअखेरपासून फेसलेस. माल उरणला उतरतो आणि कागद बघणारा माणूस चेन्नईला नाहीतर कोलकात्याला बसलेला असतो. त्याला तुमची कंपनी माहीत नाही, तुमचा पंप माहीत नाही. ई-संचित या कस्टम्सच्या पोर्टलवर जे चढवलं तेवढंच त्याला दिसतं. खरा तपास नंतर होतो, पोस्ट क्लिअरन्स ऑडिटमध्ये. आणि तिथं ऑडिटर पहिल्यांदा काय मागतो सांगू? परदेशी पाठवलेल्या पैशांचं लेजर. ते एका बाजूला, बिल ऑफ एन्ट्रींची यादी दुसऱ्या बाजूला, आणि जी रक्कम जुळत नाही तिच्यावर पेन्सिलीची खूण. तुमचे १८ लाख तिथं दिव्यासारखे दिसतील. आज बँकेच्या संगणकात ती नोंद उघडी पडलीच आहे, म्हणून तर तुम्हाला मेल आला. मूठ झाकलेली नाही, फक्त आपण तिच्याकडे बघत नव्हतो.

आता आकडे. २००७ च्या मूल्यांकन नियमांतला नियम १० म्हणतो की आयात मालाच्या किमतीत काही खर्च मिळवावे लागतात. तो माल बनवण्यासाठी खरेदीदारानं फुकटात किंवा कमी दरात पुरवलेल्या डाय, मोल्ड, टूल यांचं मूल्य त्यात येतं. डाय आपण पाठवली काय किंवा तिकडच्याच सप्लायरला पैसे देऊन करून घेतली काय, हाउसिंगची खरी किंमत इन्व्हॉइसपेक्षा जास्त हे नक्की.

पण १८ लाख कुठल्या खेपेत घालायचे? याचं उत्तर नियमांच्या टिपणीतच आहे, आणि ती टिपणी मला फार आवडते, कारण लिहिणाऱ्यानं कधीतरी शॉप फ्लोअर बघितलेला असावा. उदाहरण असं: खरेदीदारानं साचा दिला, करार दहा हजार नगांचा, पहिली खेप हजार नगांची पोचली तेव्हा कारखान्यात चार हजार बनून झालेले. आता साच्याची किंमत वाटायची हजारांत, चार हजारांत की दहा हजारांत? टिपणी म्हणते, तिन्ही पद्धती चालतील, कागद काय दाखवतात त्यावर ठरवा. म्हणजे तुमच्या सप्लायरबरोबरचा करार काढा. त्यात डायचं आयुष्य किंवा एकूण नग लिहिलेले असतील. समजा २४,००० नग आहेत. १८ लाख भागिले २४,०००, म्हणजे नगामागे ७५ रुपये. आलेले नग १५,०००, म्हणजे सांगायची राहून गेलेली किंमत ११,२५,००० रुपये. उरलेल्या ९,००० नगांना इथून पुढे दर बिलात ७५ रुपये मिळवायचे, तो प्रश्न तिथंच मिटला.

या ११.२५ लाखांवर शुल्क किती? मूळ शुल्क साडेसात टक्के धरलं, तर त्यावर दहा टक्के समाजकल्याण अधिभार मिळून ८.२५, आणि त्या सगळ्यावर १८ टक्के आयजीएसटी, म्हणजे आयातीवरचा जीएसटी. एकूण २७.७३५ टक्के. रक्कम होते ३,१२,०१९ रुपये. बाप रे वाटतं ना? थांबा. त्यातले सुमारे २.१९ लाख आयजीएसटीचे आहेत. त्याचं क्रेडिट किती आणि कुठल्या मुदतीत मिळेल हे तुमच्या जीएसटी सल्लागाराला आजच विचारा. मिळालं तर कंपनीच्या खिशाला खरी चाट बसते ती ९३ हजारांच्या आसपास. व्याज वर्षाला १५ टक्के. खेपा अडीच वर्षांत सारख्या आल्या असतील तर सरासरी सव्वा वर्षाचं, म्हणजे साठेक हजार.

आता दुसरी बाजू मांडा. हे ऑडिटमध्ये निघालं आणि खात्याचं मत झालं की माहिती दडवली, तर मागणी दोन वर्षांपुरती राहत नाही, पाच वर्षं मागे जाते. शुल्क आणि व्याज तर आहेच, वर शुल्काइतकाच दंड. नोटीस आल्यापासून तीस दिवसांत सगळं भरून टाकलं तर दंड पंधरा टक्क्यांवर मिटतो, पण एकदा ‘दडवलं’ हा शिक्का बसला की पुढची काही वर्षं तुमचा प्रत्येक कंटेनर उघडून बघितला जाण्याची तयारी ठेवा. लाइन बंद पडल्याचा एका दिवसाचा खर्च किती, हे साहेबांना माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक असेल.

आपण होऊन सांगायचा रस्ता आता पूर्वीपेक्षा सरळ झालाय. नोटीस येण्याआधी शुल्क-व्याज भरून मोकळं होण्याची सोय कलम २८ मध्ये आधीपासून होती. २०२५ च्या वित्त कायद्यानं कलम १८अ घातलं, त्यामुळे माल सुटून गेल्यावरही इम्पोर्टरला आपली नोंद स्वतः दुरुस्त करून फरक व्याजासह भरता येतो. फक्त एक अट पक्की लक्षात ठेवा. ऑडिट किंवा तपास सुरू झाल्याचं पत्र कंपनीत पोचलं की हा दरवाजा बंद. तुमच्या काही खेपा दोन वर्षांपेक्षा जुन्या आहेत, त्या कुठल्या कलमाखाली घ्यायच्या यासाठी कस्टम्सचंच काम करणारा वकील गाठा. आयकर आणि जीएसटी करणाऱ्या नेहमीच्या सीएंवर हे टाकू नका. त्यांचा राग नाही, पण दाताचं दुखणं घेऊन आपण डोळ्यांच्या डॉक्टरकडे जात नाही.

साहेबांशी कसं बोलायचं? नीती-अनीतीचं काही काढू नका. एका कागदाचे दोन भाग करा. डावीकडे ‘आज सांगितलं तर’, उजवीकडे ‘त्यांनी शोधलं तर’. खाली रुपये. मी माझ्या साहेबांना बरीच वर्षं नियम समजावले, त्यांनी ते कधी ऐकले नाहीत. आकडे मात्र ते उभ्याउभ्या वाचायचे. आणि हा कागद हातात देऊन थांबू नका, मेलनं पाठवा, अकाउंट्सच्या प्रमुखांना सीसी करून. सूर सौम्य ठेवा, ‘आपल्याशी झालेल्या चर्चेनुसार हिशोब जोडला आहे’ एवढंच लिहा.

मेल कशासाठी, तेही सांगते. काकांच्या काळात जे झालं ते न कळून झालेलं असू शकतं. तुम्हाला आता कळलंय. इथून पुढे हाउसिंगच्या ज्या बिलात ते ७५ रुपये नसतील, त्यावरची सही जाणूनबुजून केलेली ठरेल. खोटं डिक्लरेशन माहीत असूनही वापरणाऱ्यावर कलम ११४अअ खाली मालाच्या किमतीच्या पाचपटींपर्यंत दंड आहे, आणि तो व्यक्तीवर लागतो. घाबरवायला सांगत नाही. पुढची हाउसिंगची खेप त्या ७५ रुपयांशिवाय सही करू नका, इतकंच सांगते. मागचं निस्तरायला महिना-दोन महिने लागतील, पुढचं सोमवारपासून बरोबर करता येतं.

आता चेकलिस्ट, म्हणजे बिल ऑफ एन्ट्री भरण्याआधी सीएचए आपल्याला पाठवतो तो तिचा मसुदा. हा प्रसंग तुम्ही जगलाच असाल. शुक्रवारची संध्याकाळ, सहा वाजून गेलेत, कंपनीची बस गेटवर हॉर्न देतेय आणि सीएचएकडच्या मुलाचा व्हॉट्सअॅप येतो. चेकलिस्टची पीडीएफ, खाली ‘मॅडम प्लीज कन्फर्म, व्हेसल संडे’. २०२१ पासून जहाज येण्याच्या आदल्या दिवसापर्यंत बिल ऑफ एन्ट्री भरावी लागते. उशीर झाला तर पहिले तीन दिवस रोज पाच हजार आणि पुढे रोज दहा हजार. त्यामुळे त्यालाही घाई, आपल्यालाही. बसमध्ये चढता चढता आपण ‘ओके’ टाइप करतो. ताई, ते दोन अक्षरांचं ‘ओके’ म्हणजे तुमचं सेल्फ-असेसमेंट. सगळा कस्टम्स कायदा त्या दोन अक्षरांवर उभा आहे.

माझं असं एक ‘ओके’ मला चांगलं लक्षात आहे. मशिनचे सुटे भाग होते, एफओबी भावानं (म्हणजे जहाजाचं भाडं आणि विमा सोडून), सुमारे चाळीस लाखांचे. फॉरवर्डरचं फ्रेटचं बिल आलं नव्हतं. भाडं कळत नसेल तर नियमाप्रमाणे एफओबीच्या वीस टक्के धरतात, इन्शुरन्स कळत नसेल तर १.१२५ टक्के. चेकलिस्टमध्ये फ्रेटच्या रकान्यात आठ लाख दिसत होते. खरं भाडं होतं सव्वा लाखाच्या आत. मी बघितलं, पण नजरेत भरलं नाही. मला डिलिव्हरी ऑर्डरची घाई होती. पुढच्या दोन खेपांनाही जुनंच बिल कॉपी करून तेच झालं. उजेड पडला तेव्हा वर्ष उलटून गेलं होतं आणि रिफंड मागायची मुदत एक वर्षाची. पैसे गेले ते गेलेच. त्या दिवशी डबा खाल्ला नाही मी. हल्ली तर मुदतीत असूनही नुसता रिफंडचा अर्ज चालत नाही. सप्टेंबर २०१९ मध्ये आयटीसीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की सेल्फ-असेसमेंट हाही आदेशच आहे, आधी तो बदलून घ्या, मग परतावा मागा. म्हणजे जास्त भरलेलं परत आणणं हे कमी भरलेलं निस्तरण्यापेक्षा कधीकधी अवघड.

तेव्हापासून मी एक शिस्त लावली. चेकलिस्ट प्रिंट काढायची आणि पाचच गोष्टींवर बोट ठेवून वाचायची: डिलिव्हरीची अट, फ्रेट-इन्शुरन्स, एचएस कोड, नग आहेत की किलो, आणि शुल्कसवलतीचं कुठलं नोटिफिकेशन लावलंय. दहा मिनिटं लागतात. सीएचएला सांगून ठेवा की गुरुवारी दुपारपर्यंत चेकलिस्ट आली नाही तर शुक्रवारी ‘ओके’ मिळणार नाही. पहिल्या महिन्यात तो कुरकुर करेल. तिसऱ्या महिन्यात तुमच्या कंपनीची फाइल तो आपोआप वर ठेवायला लागेल, कारण चूक पकडणारं गिऱ्हाईक कोण हे त्यांना पटकन कळतं.

तुमच्या सील किटच्या तीन कोडांबद्दल वाचून मला हसू आलं, कारण तिन्ही बरोबर असू शकतात. सील हे एक नाव, पण वस्तू चार. नुसती व्हल्कनाइज्ड रबराची ओ-रिंग ४०१६ मध्ये जाते. पंपाची असली तरी ती पंपाचा भाग म्हणून जात नाही, रबर म्हणूनच जाते. धातूचा पत्रा आणि दुसरं काही मिळून केलेलं गॅस्केट ८४८४ मध्ये. मेकॅनिकल सीलही ८४८४ मध्येच, पण वेगळ्या ओळीत. आणि निरनिराळ्या पदार्थांची गॅस्केटं एका पाकिटात सेट म्हणून आली तर त्या पाकिटाला ८४८४ ची आणखी तिसरी ओळ. हे सीएचएला कसं कळणार? त्याला इन्व्हॉइसवर ‘सील किट’ एवढंच दिसतं. तुम्ही सहा वर्षं स्टोअर्सला होतात, ते पाकीट तुम्ही हातानं फोडलंय, आत रबर किती आणि पीटीएफई (टेफ्लॉन) किती हे तुम्हाला न बघता सांगता येईल. स्टोअर्समधून या टेबलावर येणं तुम्हाला कमीपणाचं वाटत असेल तर ते मनातून काढून टाका. एमबीए करून आलेल्या मुलांना ड्रॉइंग वाचता येत नाही आणि एचएस कोडचं अर्धं भांडण ड्रॉइंगवरच मिटतं.

तेव्हा एक पार्ट मास्टर करायला घ्या. साधी एक्सेल शीट. पार्ट नंबर, ड्रॉइंग, कशाचा बनलाय, काय काम करतो, कोड कुठला आणि का, कुणी कधी ठरवला. ‘का’चा रकाना सोडू नका. चार वर्षांनी ऑडिटर विचारेल तेव्हा तुम्ही तिथं असाल-नसाल, तो रकाना असेल. एकदम सगळे भाग घेऊ नका, दम लागेल. वर्षाच्या आयातीतले ज्यांच्यावर जास्त पैसे जातात असे पहिले तीस घ्या. कागद पाच वर्षं सांभाळावे लागतातच, ते खेपेप्रमाणे एका फोल्डरमध्ये असले तर बरं. त्यात थायलंड-मलेशियाहून आसियान कराराच्या सवलतीनं काही येत असेल, तर नुसतं सर्टिफिकेट ऑफ ओरिजिन पुरत नाही. २१ सप्टेंबर २०२० पासून तो माल खरंच तिथं बनला का, किमान ३५ टक्के मूल्य तिथलं आहे का, याची माहिती इम्पोर्टरनं आपल्याकडे ठेवायची असते. तैवानशी असा करार नाही, त्यामुळे हाउसिंगपुरती ही कटकट तुम्हाला नाही.

ईपीसीजीचं मशिन. इथं घाबरायचं कमी आणि पळायचं जास्त. मशिन हलवणं गुन्हा नाही. निर्यातीच्या बंधनाच्या मुदतीत दुसऱ्या युनिटला नेता येतं, पण ते युनिट तुमच्या आयईसीवर (आयात-निर्यातीच्या कोडवर) आणि आरसीएमसीवर (निर्यात परिषदेच्या नोंदणीवर) नोंदलेलं हवं आणि हलवल्यापासून सहा महिन्यांत नवं इन्स्टॉलेशन सर्टिफिकेट डीजीएफटीच्या (परकीय व्यापार महासंचालनालयाच्या) पुणे कार्यालयात द्यायला हवं. आयईसीची प्रत काढून बघा, चाकणचा पत्ता आहे का. नसेल तर तो चढवणं हे या आठवड्याचं काम. मग चार्टर्ड इंजिनिअरला बोलवा, मशिनची नेमप्लेट आणि सीरियल नंबर दिसेल असे फोटो काढा, उशीर का झाला ते खरं लिहा.

माझी खरी भीती दुसरीच आहे. समजा ते व्हीएमसी ८० लाखांचं होतं आणि आयजीएसटीसकट सूट घेतली. वाचलेलं शुल्क २२ लाख १९ हजार, त्याच्या सहापट म्हणजे सुमारे १ कोटी ३३ लाखांची निर्यात सहा वर्षांत दाखवायची, त्यातली निम्मी पहिल्या चार वर्षांत. आधीपासून जी सरासरी निर्यात होती ती राखून, तिच्या वर. तुमची निर्यात तेवढी होतच असेल. पण शिपिंग बिलांवर, म्हणजे निर्यातीच्या कस्टम्स कागदांवर, ईपीसीजीचा परवाना क्रमांक टाकलाय का? मी अशी कंपनी बघितली आहे, जिनं गरजेच्या तिप्पट निर्यात केली आणि एकही शिपिंग बिल परवान्याला जोडलेलं नव्हतं. माल गेला, पैसे आले, बंधन जिथल्या तिथं. काकांच्या काळातली शिपिंग बिलं काढून आजच बघा. क्रमांक नसेल तर पुढच्या बिलापासून टाका आणि मागच्यांसाठी कलम १४९ खाली दुरुस्तीचा अर्ज होतो का ते त्याच वकिलाला विचारा. होईलच असं नाही, पण लवकर मागितलेली दुरुस्ती आणि मुदत संपताना मागितलेली दुरुस्ती यांत फरक पडतो.

एईओ, मूवर वगैरे कस्टम्सच्या योजनांची मोठमोठी नावं तुम्हाला कुणीतरी कॉन्सल्टंट येऊन सांगेल. ऐकून घ्या, चहा पाजा, वर्षभर काही करू नका.

नोकरी सोडू का, असं विचारलंत. आज तरी नाही. तुमचे साहेब वाईट आहेत असं मला पत्रावरून वाटत नाही. एखादं पत्र न फोडता ड्रॉवरमध्ये टाकलं की ते आलंच नाही, असं मानणारी माणसं सगळ्याच घरांत असतात, कंपनीत का नसावीत? त्यांना हिशोबाचा कागद द्या, वकिलाबरोबर अर्धा तास बसवा. तरीही ते ‘पुढचीही खेप जुन्याच भावानं टाक’ म्हणाले, आणि हे त्यांनी तुम्हाला तोंडी सांगितलं, तर त्या दिवशी बायोडेटा काढा. तोवर नको. चाकण, तळेगाव, रांजणगाव पट्ट्यात ड्रॉइंग वाचता येणारं आणि बिल ऑफ एन्ट्री कळणारं माणूस शोधून सापडत नाही, तेव्हा ती चिंता करू नका. पण हे निस्तरून गेलात तर जे शिकाल ते कुठल्या कोर्समध्ये मिळणार नाही.

बँकेला उत्तर द्यायचं राहिलंय. त्यांना लिहा की रक्कम डायच्या खर्चाची आहे, डाय सप्लायरकडे आहे, इन्व्हॉइस आणि करार सोबत जोडला आहे, आणि ही रक्कम आयात मालाच्या मूल्यात धरण्याची कार्यवाही चालू आहे. शेवटचं वाक्य साहेबांनी होकार दिल्यावरच लिहायचं, म्हणून त्यांच्याकडे कागद घेऊन आधी जा. बुधवारी सकाळी जा, सोमवारी प्रॉडक्शनची मीटिंग असते.